तारकर्लीऐवजी

बाबांच्या सत्तरीला तारकर्लीला जायचं ठरलं होतं.
पाण्याखाली बघायचा चष्मा आणि तोंडात धरायची नळी
त्यांनी दोन महिने आधीच आणून ठेवली.
रात्री जेवण झालं की ती लावून
भरल्या बेसिनमध्ये चेहरा बुडवायचे,
आणि आई दाराबाहेरून विचारायची, आहात ना?

मग कानाच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं.
पडद्याला भोक आहे, म्हणाले, जुनं.
बाबा त्यांच्या टेबलावरच्या काचेतल्या माशाकडे बघत राहिले.

म्हणून ऐरोली.

दिवा गावच्या जेट्टीवर
केशरी जॅकेटांच्या ढिगातलं एकही त्यांना धड बसेना.
चष्मा मात्र कपाळावर घट्ट.
त्यावरून बोटीतल्या दोन शाळकरी पोरी इतक्या हसल्या
की मावशीने त्यांना चिमटे काढले.
हिराजी केणी दोर सोडत म्हणाला,
पावनेअकरापरत भरती हाय, मंग निस्ता चिखल.

तिवरांच्या मुळांशी निवट्या उड्या मारत होत्या.
विजेच्या तारेवर एक खंड्या.
पलीकडे मुलुंडच्या कचऱ्याचा डोंगर,
त्यावरच्या घारी मी मोजायचं सोडून दिलं.

आणि हिराजीने इंजिन बंद केलं.

आधी नुसती एक पुसट रेघ, चुकून उमटल्यासारखी.
मग रेघेला पाय फुटले.
रोहित.
हजारो माना खाली, चोची उलट्या,
आणि चिखल गाळून घेण्याचा तो एकच आवाज,
म्हातारी माणसं बशीतून चहा ओढतात तसा.

मावशीने विचारलं, इतके गुलाबी कसे हो?
खातान तसं व्हतान, हिराजी म्हणाला. शेवाल.
पिल्लू राखाडी आसतं.

आम्हीपण बनवायचो, बाबा म्हणाले.
त्यांना कुणी विचारलं नव्हतं.
रबाळ्याला. अठ्ठावीस वर्षं. गुलाबी, चारशे नंबर.
अगरबत्तीच्या काड्यांना, पतंगाच्या कागदाला.
टाकी धुतली की पाणी रात्रपाळीत सोडायचो.
कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

मला त्यांची नखं आठवली,
माझ्या बारशाच्या फोटोतही गुलाबी.
आणि उशांचे अभ्रे, ते आई शेवटी
गुलाबीच आणायला लागली होती.

हिराजी बांबूने तळ चाचपत होता.
एक साल आमची जाली गुलाबी झालती, म्हणाला.
मी चवथीत. आयेला वाटला, देवीनं खारीन कुंकू सांडला.
तिनं नारल फोरला.
मंग बोयी उलट्या तरंगल्या.

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं.

बाबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला.
मी त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरला
आणि ते बोटीच्या कडेवरून वाकले.
चेहरा खाडीत, नळी आभाळाकडे,
नळीतून त्यांचा श्वास,
बेसिनमध्ये यायचा तसाच खरखरत.
पोरी आता हसत नव्हत्या.
धाकटीने माझी ओढणी धरली, का कोण जाणे.

काय दिसला का?
बाबांनी तोंड वर काढलं. ओठांवर चिखलाची मिशी.
काही नाही, म्हणाले. काळं.
मग थोड्या वेळाने,
आपल्याच पापण्या दिसतात फक्त.

परतताना इंजिनाला बुजून थव्याचं एक टोक उडालं.
पंखांच्या आतला रंग तेव्हा दिसला,
चारशे नंबरच्या जवळपासही नव्हता.
लाल होता, आणि कडेने काळा.

जेट्टीवर बाबांनी पाकीट काढलं.
तिकीट दिलाव ना खिडकीवर, हिराजी म्हणाला,
आणि पुढच्या लोकांना जॅकेट वाटायला गेला.
पाकीट बराच वेळ उघडंच राहिलं.

चष्म्याच्या रबरी खाचेत खाडी बसली आहे.
आई बाल्कनीत जुना टूथब्रश घेऊन घासते आहे.
गार पाण्याने घास, बाबा आतून सांगतात.
गरम पाण्याने रंग पक्का होतो.