टाका सुटतो

सरासरी एकशे चाळीस.
पडद्याच्या कोपऱ्यातला हिरवा आकडा असं म्हणतो
आणि तो खोटं बोलत नाही,
सगळं सांगत नाही इतकंच.
वर्गाची सरासरी चांगली आली
म्हणून नापास झालेला पोरगा पास होत नाही.

दर वीस-बावीस सेकंदांनी
घोडा हवेत गोठतो.
आयाळ, धूळ, माझा अंगठा,
सगळं जिथल्या तिथे.
पापणी लवायच्या आत पुन्हा चालू,
पण तेवढ्यात मी दरीत.

दोन दिवाळ्यांचा बोनस आहे या डब्यात.
लोकांची जीएसटी रिटर्नं भरून भरून जमवलेला.
ड्रायव्हर काढले, धुऊनपुसून पुन्हा घातले.
खेळ एका डिस्कवरून दुसरीवर नेला.
रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या,
एका बाजूचा पत्रा काढून समोर टेबलफॅन लावला
(चौसष्ट अंश. ताप नाही.)
सिल्व्हर मॉलमधला रौनक फोनवर म्हणाला,
दीदी, कार्ड तो शेर है,
पॉवर सप्लाय बदल दो.
शेर मग ठेच का खातो,
ते त्याला माहीत नव्हतं.
साडेसात हजार सांगितले.

सुदामा नगरात रात्री अकराला
रस्ता झाडणारी गाडी येऊन गेली.
बाबा पाणी प्यायला उठले ते इथेच बसले.
चाळीस वर्षं शीतलामाता बाजारात
शिलाई मशीन दुरुस्त केलेला माणूस.
चष्मा आत राहिला होता,
त्यामुळे घोडा त्यांना दिसत नव्हता.
त्यांनी नुसत्या टापा ऐकल्या.
बराच वेळ.

मग म्हणाले, ताकद कमी नाही गं वेणू.
मोटर झकास आहे. टाका सुटतोय.

मी म्हटलं, बाबा, हे शिलाई मशीन नाही.
हो, म्हणाले. पण टाप तुटते ना,
तेव्हाच तुझा हा डबा रंग बदलतो.
निळ्याचा जांभळा. बघ. आता.

आता.

मी बघितलं.
पंख्यांभोवती फिरणारी ती रोषणाई,
जिच्यासाठी मी दीड हजार जास्त मोजले होते,
तिला सांभाळणारा एक छोटा प्रोग्रॅम
दर वीस-बावीस सेकंदांनी
सगळ्या घराला हाक मारून विचारत होता:
आहात ना? आहात ना?
आणि घोड्यासकट सगळे
हातातलं काम टाकून ओ देत होते.

काढून टाकला.
दिव्यांची वायरही उपटली.
डबा काळा पडला, गोदरेजच्या कपाटासारखा.
आलेखातली करवत गेली,
इस्त्री केलेल्या काठासारखी रेघ उरली.
सुई असते बहुतेक वेळा, बाबा म्हणाले,
गिऱ्हाईक मात्र मोटर बदलायला आलेलं असतं.
तुम्ही काय करायचात?
दोनदा मोटरच बदलली, म्हणाले. तेव्हा तू कॉलेजात होतीस.

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

एक अडखळणं अजून आहे.
पहिल्यांदा बर्फ दिसला तेव्हा,
पहिल्यांदा गाव पेटलं तेव्हा,
क्षणभर सगळं थांबलं.
दुसऱ्या वेळी नाही.
कार्डाने तो उजेड आधी कधी रंगवलेला नसतो,
उभ्या उभ्या शिकून घेतं बिचारं.
हे मी बाबांना सांगितलं तर म्हणाले,
मग बरोबर आहे. नवीन कापड.
पहिल्या टाक्याला चाक हातानेच फिरवायचं असतं.

आणि जाता जाता दारात वळून:
घोड्याला नाव काय ठेवलंयस?

ठेवलं नव्हतं.