हरकत

भंगाळे सर,
तलाठ्यानं कागद दाखवला.
माझ्या परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत,
खाली सही. नाव वाचायची गरज पडली नाही,
'ळ'च्या गाठीवरूनच ओळखलं.
चौथीत हाच 'ळ' तुम्ही मला
पाटी फुटेपर्यंत गिरवायला लावला होता.

राग नाही. राग असता तर वकील केला असता,
हे लिहीत बसले नसते लाईटची वाट पाहत.
या आठवड्यात आमच्या फीडरला लाईट रात्री बाराला.
बाराला मोटर, साडेबाराला पाणी शेवटच्या ओळीला,
आणि एकच्या सुमारास मोर नदीच्या पात्रातून
डुकरं.

सभेत तुम्ही म्हणालात,
बंदूक असलेल्या घरात भीती राहायला येते.
खरं आहे.
पण आमच्याकडे ती आधीपासूनच राहत होती, सर.
बंदूक आली तेव्हा तिला जरा सरकून बसावं लागलं,
एवढंच.

सासऱ्यांची एकनळी माझ्या नावावर झाली
त्याला नऊ वर्षं. बार काढले चार.
चारही आभाळाकडे.
(एकदा निंबावरचं घरटं पडलं, त्याचं पाप माझं.)
मारायचं नाहीच मला कुणाला. पळावीत, बस्स.
फटाके झाले, पत्र्याचे डबे झाले,
भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणंही लावून पाहिलं,
तिसऱ्या रात्री डुकरं भोंग्याखालीच
केळीचे कोंब उकरत होती.

नदीपलीकडे कट्टा मिळतो म्हणतात,
मोबाईलच्या किमतीत.
त्याला हरकत घ्यायला कागदच नसतो.
मी मात्र फैजपूर, जळगाव, पुन्हा फैजपूर,
साहेबांनी विचारलं, घरात पुरुष कुठाय?
म्हटलं, डुकरं विचारत नाहीत.

मागच्या निवडणुकीत नियमानं बंदूक ठाण्यात जमा केली.
पावती अजून आहे.
त्याच दिवसांत गुमान बारेलाची मांडी फाटली.
ओरडणं ऐकून तुम्ही धावत आलात,
वहाणा न घालता. मी ते विसरले नाही.
तुमच्या हातात बॅटरी, माझ्या हातात खराटा.
आपण दोघंही अहिंसक होतो, सर.
डुक्कर नव्हतं.

आता एक सांगते, ते तुमच्या बाजूचं आहे.
तेजसचा दुसऱ्यांदा नंबर लागला नाही, त्या साली
पोरगं जेवायचं नाही, भिंतीकडे तोंड करून झोपायचं.
एका दुपारी मला दिसलं, तो कुलपाकडे बघतोय.
नुसता बघतोय.
तशीच एसटीनं यावलला गेले, बंदूक घेऊन.
हवालदार म्हणाला, बाई, निवडणूक नाही, जमा कशाला?
म्हटलं, घरात परीक्षा आहे.
आठ महिने आणली नाही.
पूर्वेकडची पीलबाग गेली. जाऊ दिली.
हे मी तुमच्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

तुमची भीती खोटी आहे असं मी कशी म्हणू?
तीच मला कुलूप लावायला शिकवते.
पण हातात काय आहे ते बघताना
हात कुणाचा तेही बघाल की नाही?
तुम्हीच धरून वळवलेला हात आहे हा.

सही मागे घ्या म्हणत नाही.
एक रात्र मळ्यात या. माचाणावर घोंगडी आहे,
शिडीची तिसरी पायरी सोडून चढा, ती हलते.
एक वाजेल. आधी कुत्री गप्प होतील,
मग पानं वाजतील, वारा नसताना.
तेव्हा मला काय करायचं ते तुम्ही सांगा.
म्हणालात गप्प बस, तर गप्प बसेन.

डुकरं आली नाहीत तर उत्तमच.
थर्मासमध्ये चहा असेल, गवती पात घातलेला.
विचारेन, घेणार का, सर?
तुमची सवय ठाऊक आहे मला.
चष्मा पुसत तुम्ही म्हणाल,
हरकत नाही.