घाटातलं तिसरं वळण

वीजबिलाच्या पाठीवर मी नकाशा काढलाय.
शर्यत जव्हारकडून येणार, मोखाडा, मग आंबोली घाट,
कोकणातला नव्हे, आपला, त्र्यंबकच्या पुढचा,
मग अंजनेरी, सातपूर, आणि शेवट गोल्फ क्लबच्या मैदानापाशी.
तिथे मांडव असेल, शाली, माईकवर घसा साफ करणारे पाहुणे.
तिथे मी जाणार नाही.

सपाटीवर उभी राहू नकोस, इम्तियाजभाई म्हणाले.
दूध बाजारात चाळीस वर्षं चाकांचे आरे ओढून
त्यांची करंगळी वाकडी झालीय. ती हवेत फिरवत म्हणाले,
पन्नासच्या वेगाने घोळका येतो, नव्वद सायकली,
तू डोळे चोळशील तेवढ्यात
वारा उरतो आणि कुणीतरी फेकलेली बाटली.
चढावर जा. चढावर माणूस दिसतो.

म्हणून हिशोब मांडला.
तिसऱ्या वळणावर वेग अठरा, फार तर वीस.
घोळका तोवर फाटलेला असणार,
पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चार मिनिटं,
मधला रिकामा रस्ता धरून.
"चार मिनिटांसाठी पहाटे साडेचारला उठायचं?"
हेरंबने पेपरातून मान वर न काढता विचारलं.
मी थर्मासचं झाकण घट्ट बसतंय का ते बघत राहिले.

सातला पोलीस रस्ता अडवणार.
गाडी माथ्यावरच्या शाळेपाशी, पुढे दीड किलोमीटर पायी.
ताडपत्री. कानटोपी, कारण पहाट सहा अंशांची
आणि दुपारी त्याच डोक्याला रुमाल लागेल.
पेरू, अंडी उकडून, मीठ वेगळ्या पुडीत.
आणि माझ्या जुन्या सायकलची घंटी, काढून आणलेली,
कारण ओरडायला मला जमत नाही.

सावनीने पुठ्ठा रंगवायला घेतला.
"कुणाचं नाव लिहू?"
मला एकाचंही नाव येत नाही.
कझाकस्तानचे आहेत, बेल्जियमचे, एक मुलगा सांगलीचा म्हणतात.
लिही, माथा आलाच.
खोटं आहे ते. तिथून पुढे अजून पाच वळणं आहेत.

चौऱ्याण्णव साली जिल्ह्याच्या शर्यतीत
सीबीएसपासून त्र्यंबकपर्यंत आम्ही सात मुली होतो.
सायकल इम्तियाजभाईंची, सीट माझ्या उंचीला जास्त.
बेळगाव ढग्यापाशी चेन उतरली, दोनदा,
काळं बोट मी शाळेच्या शर्टाला पुसलं.
अंजनेरीला पोचले तेव्हा शिट्टीवाले घरी गेले होते,
एसट्या मागून हॉर्न देत होत्या,
मला शर्यतीत आहे असं कुणाला वाटणं शक्यच नव्हतं.

वळणावर एक बाई उभी होती.
गवताचा भारा खाली टाकलेला, कळशी कमरेवर.
"जीपवाला वरडत गेला, सात पोरी येत्यात म्हणून.
सहा गेल्या. म्या म्हनलं, एक ऱ्हायली."
ओंजळीत पाणी ओतलं तिने, तांब्याच्या वासाचं,
आणि भारा डोक्यावर घेऊन उतरणीला लागली.
चेहरा आठवत नाही. नाव विचारायचं सुचलं नाही.
प्रमाणपत्रावर माझंही नाव चुकलेलंच होतं.

हे मी हेरंबला कधी सांगितलं नव्हतं,
काल रात्री अंडी सोलता येतात का बघताना सांगून टाकलं.
एवढंच बजावलं की पहिले गेले
म्हणून ताडपत्री गुंडाळायला घेऊ नकोस.
सगळ्यात मागून झाडू बांधलेली गाडी येते,
ती दिसेपर्यंत हलायचं नाही.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
दिवा मालवला. रस्त्यावर कुत्रं भुंकून थांबलं.
मग अंधारात म्हणाला,
"पण नव्वद मोजायचे कसे, एवढ्या घाईत?"

दहा-दहाने, मी म्हटलं.
पांढऱ्या पट्टीच्या डावीकडचे तू घे.