अकरा दात

सित्सेनं मागचं चाक बाकावर आडवं टाकलं,
साखळीचा पाना अडकवला, अंगाचा भार दिला.
कुईं करून कडं सुटलं.

"ही मोठी चक्रं बघ, पेटीतून काढल्यासारखी.
आणि ही धाकटी, अकरा दातांची.
मुशीच्या पाठीवरच्या परासारखे वाकलेत दात."

विट्स्के गप्प.
ल्यूवार्डनच्या रस्त्यांना चढ नाही,
समोरून वारा तेवढा असतो,
आणि सुईणीला निघायचं असतं तेव्हा
कळा कधीच्या सुरू झालेल्या असतात.
गिअर उतरवायची सवड कुणाला?
मोटर होती, पाय हलके होते.
झिजत होतं ते खाली, ग्रीसच्या काळोखात.

"नुसती साखळी बदल ना."
"नवी साखळी जुन्या दातांशी नांदत नाही.
ऐन जोर लावशील तेव्हाच घसरेल."

एकशेचार युरो.
जुनं चक्र तिनं मागून घेतलं,
कोटाच्या खिशात टाकलं,
कशाला ते सांगितलं नाही.
मग फोन वाजला.

सित्से चिंधीला हात पुसत दारात उभा.
ती कालव्याच्या पुलापर्यंतही पोचली नसेल, तोच
खट, खट, खट,
थेट अकरावर.