शब्दयादी

दुसरं सत्र. सागरमाळच्या खोलीत पंखा
लॅपटॉपहून हळू.
प्रात्यक्षिक: दोनशे हॅश. फोडा.

परदेशी शब्दयादीनं एकतीसच पडले.
मग मी माझी केली:
रंकाळा, जोतिबा, तांबडारस्सा,
खासबाग, म्हशींची नावं, बुलेटचे नंबर.
धडाधड उघडायला लागले.
इंगवले सर मागून म्हणाले,
गाव पाठ हाय की तुला!

पहाटे तीनला एक उघडला:
मालूयेशीलका२००९

कुणाचा, कळत नाही. नावं आधीच पुसलेली.
कुणीतरी त्या सालापासून
रोज, कामाला बसण्याआधी,
चष्मा पुसून
हे टाईप करत असणार,
आणि पडद्यावर नुसते ठिपके.

अहवालात रकाना होता: मजबुती.
लिहिलं, कमकुवत.
खोडलं.

एकशे बेचाळीस फुटले, असं कळवलं.
फुटले होते एकशे त्रेचाळीस.