दोनशे ग्रॅम

आबांपुढे ताटात पुडी ठेवली,
तागाच्या दोरीनं बांधलेली.
भांडुपला खिडकी उघडली की आता
हायवेचे दिवे येतात आत.
पूर्वी खारा वारा यायचा.

कुठून सुरुवात करू सांगायला.
आमच्या पतपेढीच्या अकराजणी, माल्टा, सात रात्री.
बेट इतकं पिवळं की डोळे मिटले तरी पिवळं,
पिवळा किल्ला, पिवळे जिने
आणि गल्लीच्या टोकाला कातरून लावलेला
निळा तुकडा.
गाईड म्हणाली, साडेचारशे वर्षं.
चर्चच्या सावलीत विशाखाबाईंनी दशम्यांचा डबा उघडला,
एक मांजर शेंगदाण्याची चटणी हुंगून निघून गेलं.

पाचव्या दिवशी धाकट्या बेटावर, बसच्या वळणाला
मी ओरडलेच, थांबवा.

खाली किनाऱ्याचा खडक चौकोन चौकोन कोरलेला.
चौकोनात बोटभर पाणी. पाण्यावर साय.
ती साय मी ओळखते, आबा.
उन्हं कलली, वारा नीट असला की धरते,
धक्का लागला तर रुसून तळाला बसते.

एक म्हातारा फळी ओढत होता.
तळ न खरवडता, पाणी न ढवळता, अलगद काठापर्यंत,
तुम्ही ओढायचात तशी.
त्याला माझी भाषा नाही, मला त्याची.
मी चप्पल काढून टाच दाखवली.
अजून आहे ती चीर, आठवीतली.
त्यानं पाहिली. फळी माझ्या हातात दिली.
तीनदा ओढली मी.
वर कठड्यापाशी दहाजणी, आणि बसचा हॉर्न.

विमानतळावर अधिकाऱ्यानं पुडी उलटसुलट केली.
मीठ? तिकडून? मुंबईत?
मी म्हटलं, हो.

आबांनी गाठ नखानं सोडली.
चार खडे जिभेवर. डोळे मिटले.
गळ्याची शीर वरखाली झाली.
"दगरावरचा हाय," म्हणाले. "पायाचा नाय."

खरंच. तिथं खडक आयता होता.
आम्ही दर साली चिखल तुडवायचो, सगळं घर, ओळीनं,
तळ दगडासारखा वाजेपर्यंत.

"कितीला?"
सांगितलं. हसले, ठसका लागेपर्यंत हसले,
बोटांवर गोणी मोजू लागले आणि मध्येच सोडून दिलं.

मग पुडी पुन्हा बांधली, घट्ट,
आणि खिडकीकडे तोंड करून विचारलं,
"त्याचे मांगं कोन हाय गं, फली धराला?"

तेव्हा हॉर्न वाजत होता.