अर्धा अंश

सेहेचाळीस अंशांवर मणी काचेला चिकटून बसतो,
ढिम्म.
अठ्ठेचाळीसवर सुटतो
आणि पाण्यात भरकटतो, कुणाचाच नसल्यासारखा.
मला हवंय ते मधलं.

मणी म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.
अंगभर डीएनएचे धागे, लव असावी तसे,
आणि खाली काचेवर त्यांच्या जोडीचे.
एका धाग्याची पकड म्हणाल तर काहीच नाही,
आत्ता लागली, आत्ता सुटली.
पण शेकडो चिमटींनी एकदम धरलं
की पाय निघत नाही.

तुर्कूत जानेवारी. चार वाजताच दिवस मिटला.
तळघरात मी बटण फिरवते
अंशाच्या दहाव्या भागाने,
मग थांबते. मग चहा. मग पुन्हा.

माझा शेजारी ताइस्तो एकतीस वर्षं फोरीवर होता,
आउरा नदीच्या या काठावरून त्या काठावर.
साखळी तळाला पडलेली असते, तो सांगतो,
नाव पुढची उचलते, मागची सोडते.
लोक म्हणतात, बिचारी बांधलेली आहे.
अगं, बांधलेली आहे म्हणून तर चालते!

लेम्पी गेल्यावर त्याने घर सोडायचं ठरवलं.
मुलीने ट्रक ठरवला, तारीखही सांगितली.
हा म्हणाला, एकदम नको.
दर शनिवारी एक वस्तू जुन्या बाजारात:
विणायच्या सुया,
बेरी तोडायची लाकडी फणी,
कॉफीचं भांडं, ज्याचा दांडा त्यानेच दोनदा बसवलेला.
तिचे बर्फातले बूट विकले सहा युरोंना
आणि मंगळवारी जाऊन परत आणले
आठ युरो देऊन.

रात्री दोन चाळीस. सत्तेचाळीस पूर्णांक तीन.
मणी हलला.
उडाला नाही, वाहवत गेला नाही,
काचेला धरूनच सरकला जरासा,
मग आला तिथेच परत,
मग तिरपा, मग बराच वेळ नुसता थरथरत.
कुठे पोचायचंय असं काही नाही त्याला.
मागच्या गाठी सुटतात तेव्हा
पुढे कुणाची तरी गाठ पडते, एवढंच.
आधी कुठली सुटली, ते मला कळत नाही.
भिंगाला तेवढं दिसत नाही.

वहीत लिहिलं: चालतो. खाली रेघ मारली.
मग रेघ खोडली, कारण एकच मणी,
एकच रात्र,
आणि हीटर जुना आहे.

शनिवारी जेवणाचं टेबल निघणार.
एक टोक मी धरणार आहे, दुसरं ताइस्तो.
तिसऱ्या मजल्यावरून, अरुंद जिना.
दर वळणावर तो म्हणेल,
थांब जरा,
सोडू नकोस,
हात बदलतो.